सूर्याचे आयुष्य आणि अंत

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी सूर्याच्या अंताचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. परंतु जैन कुटुंबाच्या नित्यक्रमाशी सूर्याचा जितका निकटचा संबंध आहे, तितका क्वचितच अन्य कोणाचा असेल. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी पारणारी, सूर्यास्तापूर्वी ताटावरून उठणारी, पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात पंचांगातील सूर्यास्ताची वेळ मिनिटाच्या हिशेबाने पाहणारी घरे गावोगावी आहेत. ज्याच्या उदयास्तावर या घरांतील चूल पेटते आणि विझते, त्याचे स्वतःचे आयुष्य किती आणि ते कसे संपणार, ही जिज्ञासा अशा घरांत स्वाभाविक म्हटली पाहिजे. शिवाय पन्नास वर्षांचा हिशेब मांडण्याचाच हा प्रसंग आहे. संस्थेच्या या पन्नास वर्षांत सूर्याने आपल्या वस्तुमानापैकी सुमारे ६,७०० लक्ष कोटी टन प्रकाशाच्या रूपाने वेचून टाकले, आणि तरीही त्याच्या भांडारात काही उणे झाल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही.

प्रथम परंपरा काय सांगते ते स्वच्छपणे पाहिले पाहिजे. जैन शास्त्रांत सूर्य हा ज्योतिष्क देवांपैकी एक मानला आहे. सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्र आणि प्रकीर्णक तारे असे ज्योतिष्कांचे पाच प्रकार. जंबूद्वीपात दोन सूर्य आणि दोन चंद्र, तर संपूर्ण अडीच द्वीपांत १३२ सूर्य आणि तितकेच चंद्र मेरूभोवती प्रदक्षिणा घालतात. समभूमीपासून सूर्याचे विमान ८०० योजनांवर आणि चंद्राचे ८८० योजनांवर आहे. डोळ्यांना दिसते ते तेजस्वी बिंब म्हणजे हे विमान होय. त्यातील पृथ्वीकायिक जीवांना आतप नामकर्माचा उदय असतो, म्हणून ते मुळात शीतल असूनही त्यांची प्रभा उष्ण असते, अशी उपपत्ती कर्मग्रंथांत दिलेली आहे. हे विमान अनादि-अनंत आहे. मात्र त्यात वास करणाऱ्या सूर्येंद्राचे आयुष्य मोजलेले आहे: एक पल्योपम आणि वर १,००० वर्षे. घर शाश्वत आणि राहणारा अशाश्वत, अशी ही मांडणी आहे.

आधुनिक खगोलशास्त्राचे म्हणणे याहून निराळे आहे. सूर्य हा तप्त वायूंचा एक गोळा असून त्याचा गाभा सर्वांत उष्ण, सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. तो सुमारे ४५७ कोटी वर्षांपूर्वी जन्मला आणि काही शे कोटी वर्षांनी तो विझणार आहे. येथे घरच अशाश्वत ठरते.

ही दोन विधाने परस्परांशी जुळत नाहीत. पाठशाळेतून शाळेत जाणाऱ्या मुलांना हे बरोबर कळते आणि ती तसे विचारतातही. त्यांना उत्तर देताना समाजात तीन पळवाटा रूढ झाल्या आहेत. विज्ञान आज एक सांगते, उद्या दुसरे सांगेल, तेव्हा लक्ष देऊ नये, ही पहिली. दुसरी याच्या उलट. विज्ञानाने जे जे शोधले ते ते आगमांत पूर्वीच होते, असे एखाद्या शब्दाचा अर्थ ताणून दाखवायचे. तिसरी सर्वांत सोयीची आणि म्हणून सर्वांत घातक, ती म्हणजे ‘स्याद्वादाने दोन्ही बरोबर’ असे म्हणून विषय मिटवणे. स्याद्वाद इतका स्वस्त नाही. कोणत्या अपेक्षेने एखादी गोष्ट आहे आणि कोणत्या अपेक्षेने ती नाही, हे स्पष्ट सांगण्याची जबाबदारी तो बोलणाऱ्यावर टाकतो. अपेक्षा न सांगता दोन्ही विधानांना मान डोलावणे म्हणजे स्याद्वाद नव्हे. तेव्हा वेधांतून निघालेला निष्कर्ष वेधांचा म्हणून आणि आगमाचे वचन आगमाचे म्हणून, आपापल्या नावाने समोर ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग होय. या व्याख्यानात तोच स्वीकारला आहे.

सूर्याचे वय कसे कळले, हा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. सूर्य दगडी कोळशाचा असता तर आजच्या तेजाने तो जेमतेम ५,००० वर्षे जळला असता, हे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले होते. मग जर्मनीचे हेल्महोल्ट्झ आणि ब्रिटनचे विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी दुसरा मार्ग सुचवला. सूर्य स्वतःच्या भाराने सावकाश आकुंचन पावतो आहे आणि त्यातून उष्णता निघते, असे त्यांचे मत होते. १८६२ मध्ये केल्व्हिन यांनी लिहिले, की सूर्य बहुधा १० कोटी वर्षांपेक्षा अधिक काळ पृथ्वीला प्रकाश देत आलेला नाही आणि ५० कोटी वर्षे तर जवळजवळ निश्चितच नाही. उत्तरायुष्यात त्यांनी हा आकडा आणखी खाली आणला. खडकांचे थर मोजणारे भूशास्त्रज्ञ आणि उत्क्रांतीला प्रदीर्घ काळ मागणारे डार्विन यांची त्यामुळे मोठी अडचण झाली. केल्व्हिन यांचे गणित निर्दोष होते. उणीव होती ती एका अज्ञात इंधनाची, आणि त्या इंधनाची कल्पना त्या काळी कोणालाच नव्हती.

आजचा आकडा उल्कापाषाणांवरून आला आहे. १९६९ मध्ये मेक्सिकोतील आयेंदे गावाच्या परिसरात एक मोठा अशनी फुटून विखुरला. त्यातील पांढऱ्या कणांमध्ये युरेनियमचे शिसे किती झाले हे मोजून त्यांचे वय सुमारे ४५७ कोटी वर्षे ठरले. सूर्यमालेतील हे सर्वांत जुने घन कण आहेत. सूर्याबरोबरच ते थिजले, म्हणून त्यांचे वय ते सूर्याचे वय.

इंधनाचे कोडे विसाव्या शतकात सुटले. १९२० मध्ये केंब्रिजच्या अ‍ॅस्टन यांनी मोजून दाखवले, की हायड्रोजनच्या चार अणूंच्या एकत्रित वजनापेक्षा हेलियमचा एक अणू किंचित, शेकडा एकाहूनही कमी अंशाने, हलका असतो. त्याच वर्षी आर्थर एडिंग्टन यांनी तर्क मांडला, की सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होत असावे आणि मधल्या मध्ये नाहीसे झालेले वजन प्रकाश होऊन बाहेर पडत असावे. यासाठी सूर्यात हायड्रोजन विपुल हवा. तो आहे, हे सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने १९२५ मध्ये हार्वर्ड येथे सिद्ध केले, आणि त्यासाठी तिने आधार घेतला तो भारताच्या मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेल्या समीकरणाचा. त्या काळचे अधिकारी खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांच्या आग्रहामुळे तिला आपल्याच प्रबंधात हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला आले. १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी या अणुसंमीलनाच्या पायऱ्या सविस्तर मांडल्या आणि पुढे १९६७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आज हे आकडे नेमकेपणाने सांगता येतात. दर सेकंदाला सूर्य सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम करतो आणि त्यातील ४० लाख टनांहून थोडे अधिक वस्तुमान ऊर्जेत जाते. या वेगाने एका पृथ्वीएवढे वस्तुमान खर्च व्हायला साधारण साडेचार कोटी वर्षे लागतात, आणि सूर्याचे एकूण वस्तुमान ३,३३,००० पृथ्वींएवढे आहे. हा हिशेब कागदावरचाच आहे की काय, अशी शंका घेणाऱ्यांसाठी एक प्रत्यक्ष प्रमाणही उपलब्ध आहे. गाभ्यात निर्माण झालेली ऊर्जा वाटेतील कणांवर आपटत पृष्ठभागावर यायला हजारो ते लाखभर वर्षे लागतात आणि तेथून प्रकाश पृथ्वीवर यायला अवघी ८ मिनिटे २० सेकंद. न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण मात्र कोठेही न अडखळता गाभ्यातून थेट निघून येतात. इटलीतील ग्रान सासो पर्वताखालील बोरेक्सिनो प्रयोगाने २०१४ मध्ये सूर्यातील मूळ संमीलनक्रियेतून निघणारे हे कण मोजले. गाभा आज जितकी ऊर्जा निर्माण करत आहे आणि पृष्ठभाग आज जितका प्रकाश देत आहे, त्यांचा मेळ बसला. याचा अर्थ असा, की गेल्या लाखभर वर्षांत भट्टीत काही बदल झालेला नाही.

परंतु त्याहून मोठ्या काळात बदल होतो, आणि तो कसा होतो हे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. सूर्य स्थिर दिसतो तो दोन बलांच्या तोलामुळे. स्वतःचा भार त्याला आत ओढतो आणि गाभ्यातील उष्ण वायूचा दाब त्याला बाहेर ढकलतो. चार हायड्रोजन अणुकेंद्रांचे एक हेलियम अणुकेंद्र झाले, की कणांची संख्या घटते. कण कमी झाले की दाब उणा पडतो, तो भरून काढण्यासाठी गाभा किंचित आक्रसतो, आक्रसल्यामुळे अधिक तापतो आणि तापल्यामुळे संमीलन अधिक वेगाने होते. इंधन सरत चालले की दिवा मंदावतो, असा घरगुती अनुभव आहे. सूर्याच्या बाबतीत तो उलटा ठरतो. जन्माच्या वेळी सूर्य आजच्या सुमारे ७० टक्के तेजाचा होता. पुढे दर १० कोटी वर्षांत त्याचे तेज साधारण एक टक्क्याने वाढत जाईल. म्हणजे सूर्य म्हातारा होतो तो प्रखर होत होत.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. अलीकडच्या दशकांत पृथ्वी तापत आहे ती सूर्याच्या या वार्धक्यामुळे, असे काही ठिकाणी सांगितले जाते. ते निराधार आहे. उपग्रहांनी १९७८ पासून सूर्याचे तेज सलग मोजले आहे. अकरा वर्षांच्या सौरचक्रात ते सुमारे एक दशांश टक्क्याने वरखाली होते, चढत मात्र गेलेले नाही. आजची तापमानवाढ कोळसा, पेट्रोल आणि तत्सम इंधने जाळण्यामुळे झालेली आहे. तिचा भार सूर्यावर टाकून मोकळे होता येणार नाही.

दुसरा गैरसमज आपल्या समाजातला आहे. सहाव्या आऱ्यातील दाहाचे वर्णन आणि शास्त्रज्ञ सांगतात तो सूर्याचा अंत, या दोन्ही एकच गोष्टी आहेत असे काही प्रवचनांतून आणि छापील पत्रकांतून सांगितले जाते. साधा हिशेब मांडला तरी ते टिकत नाही. पाचवा आरा, म्हणजेच पंचमकाल, २१,००० वर्षांचा. भगवान महावीरांचे निर्वाण इसवी सनापूर्वी ५२७ मध्ये झाले आणि त्यानंतर ३ वर्षे साडेआठ महिन्यांनी हा आरा सुरू झाला. त्यातील सुमारे साडेअठरा हजार वर्षे उरली आहेत आणि पुढचा सहावा आराही २१,००० वर्षांचाच. एवढ्या काळात सूर्याच्या तेजात जो फरक पडेल तो एका टक्क्याचा दोन हजारावा भागही नसेल. शिवाय शास्त्रानुसार सहाव्या आऱ्यानंतर उत्सर्पिणी सुरू होते आणि कालचक्र पुन्हा चढणीला लागते. विझलेला सूर्य कोणाला चढण दाखवणार? आगमांतील वर्णनाला विज्ञानाचा टेकू देण्याच्या या हौसेने आगमांचाही मान राहत नाही आणि विज्ञानाचाही.

आता पुढील वाटचाल. साधारण १०० कोटी वर्षांनी सूर्य आजच्यापेक्षा सुमारे दहा टक्के अधिक तेजस्वी झालेला असेल. त्या वेळी समुद्राचे पाणी मोठ्या प्रमाणावर वाफ होऊन वातावरणात चढेल, वाफेमुळे उष्णता कोंडून राहील आणि वातावरणाच्या वरच्या थरांत वाफेतील हायड्रोजन सुटा होऊन अवकाशात निसटत जाईल. पृथ्वी हळूहळू कोरडी पडेल. त्याच्याही आधी, उष्ण हवामानात खडकांची झीज वेगाने होऊन हवेतील कार्बन डायऑक्साइड खडकांत बांधला जाईल आणि वनस्पतींना तो अपुरा पडू लागेल. निरनिराळ्या गणितांत या काळाबद्दल मतभेद आहेत. परंतु सूर्याच्या मृत्यूच्या कितीतरी आधी पृथ्वीवरील जीवसृष्टी संपलेली असेल, याबद्दल मतभेद नाहीत. वृत्तपत्रांत ‘सूर्य आणखी ५०० कोटी वर्षे जगणार’ असे छापून येते तेव्हा वाचक तेवढी मुदत पृथ्वीलाही मिळाली असे समजतो; प्रत्यक्षात तिला मिळालेली मुदत तिच्या एक पंचमांशाएवढीच आहे.

त्यापुढचे भविष्य कोणी पाहिले, असे विचारता येईल. भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोहोचले. त्यावरील सूर्यबिंबाची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत विकसित झाली आहे. परंतु अशी याने सूर्याचे आजचे बाह्यांग पाहतात. त्याचे म्हातारपण पाहायचे तर इतर ताऱ्यांकडे वळावे लागते. एखाद्या गावात एकच दिवस मुक्काम करणाऱ्या प्रवाशाला तेथील माणूस वाढताना दिसत नाही, पण पाळण्यातले मूल, तरुण आणि काठी टेकणारा वृद्ध हे तिघेही त्याच दिवशी दिसतात आणि क्रम कळतो. ताऱ्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी हेच केले.

आणि हे वृद्ध तारे जैन घरांच्या परिचयाचेच आहेत. रोहिणी व्रताच्या निमित्ताने ज्या नक्षत्राची वाट पाहिली जाते, त्या रोहिणीचा नारिंगी तारा सूर्याहून थोड्याच अधिक वस्तुमानाचा आहे, पण फुगून सूर्याच्या चाळीसपटीहून मोठा झाला आहे. स्वातीचा ताराही जवळजवळ सूर्याएवढ्याच वस्तुमानाचा आणि आज सूर्याच्या पंचवीसपट रुंद. दोघांच्याही गाभ्यातील हायड्रोजन संपलेला आहे. अशा ताऱ्यांना तांबडे राक्षसी तारे म्हणतात, आणि सूर्याचे तेच होणार आहे.

सुमारे ५०० कोटी वर्षांनी सूर्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपेल. मग गाभ्याभोवतीच्या कवचात संमीलन सुरू होईल, गाभा आक्रसत जाईल आणि बाहेरचे थर फुगून थंड व तांबूस होतील. ससेक्स विद्यापीठाचे रॉबर्ट स्मिथ आणि मेक्सिकोतील ग्वानाह्वातो विद्यापीठाचे श्रोडर यांनी २००८ मध्ये केलेल्या गणितानुसार आजपासून सुमारे ७६० कोटी वर्षांनी सूर्य आपल्या सर्वांत मोठ्या आकारास पोहोचेल. तेव्हा त्याची त्रिज्या आजच्या २५६ पट आणि तेज सुमारे २,७०० पट असेल. पृथ्वीचे आजचे अंतर सूर्याच्या २१५ त्रिज्यांएवढे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. बुध आणि शुक्र गिळले जातील. पृथ्वीचे काय होईल, यावर अजून वाद आहे. सूर्याचे सुमारे एक तृतीयांश वस्तुमान तोपर्यंत उडून गेलेले असेल, त्याची पकड सैल होईल आणि पृथ्वी दूर सरकू लागेल. त्याच वेळी फुगलेल्या सूर्यावर पृथ्वीमुळे उठणारी भरती तिला मागे खेचेल. या ओढाताणीत पृथ्वी हरेल, असे स्मिथ आणि श्रोडर यांचे उत्तर आले.

वेधांनी या वादात भर घातली आहे. गरुड तारकासमूहातील एका ताऱ्याने ग्रह गिळल्याची घटना २०२० मध्ये टिपली गेली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तारा फुगून ग्रहापर्यंत पोहोचला असावा, असा प्रथम समज होता. पण जेम्स वेब दुर्बिणीच्या वेधांनंतर २०२५ मध्ये, ग्रहच घसरत जाऊन ताऱ्यात पडला असावा, असे मत पुढे आले. उलट २०२४ मध्ये एका मृत ताऱ्याभोवती पृथ्वीएवढ्याच वस्तुमानाचा ग्रह फिरत असल्याचे जाहीर झाले, म्हणजे काही ग्रह या अग्निपरीक्षेतून वाचतातही. मात्र वाचलेली पृथ्वी म्हणजे एक करपलेला खडक असेल.

राक्षसी अवस्थेच्या शिखरावर गाभ्याचे तापमान १० कोटी अंशांवर जाईल आणि तेथील हेलियम एकाएकी पेटून त्याचे कार्बन होऊ लागेल. तीन हेलियम मिळून एक कार्बन कसा होतो, याचे मर्म १९५३ मध्ये फ्रेड हॉयल यांनी ओळखले होते. डॉ. जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून महाराष्ट्राला त्यांचे नाव परिचित आहे. हेलियमवर सूर्य सुमारे १० कोटी वर्षे तग धरेल. मग पुन्हा एकदा फुगेल, आचके दिल्यासारखा आकुंचन-प्रसरण पावेल आणि बाहेरचे थर अवकाशात सोडून देईल. त्या विरणाऱ्या वायूंचा प्रकाशमान मेघ काही हजार वर्षे दिसेल, नंतर विरून जाईल.

हा वायू नाहीसा होत नाही. तो आकाशगंगेतील इतर मेघांत मिसळतो आणि त्यातून पुढे नवे तारे व ग्रह घडतात. सूर्य आणि पृथ्वीही असेच पूर्वीच्या ताऱ्यांच्या अवशेषांतून घडले. येथे उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या त्रयीची आठवण कोणालाही होईल. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत दिलेला दृष्टांत प्रसिद्धच आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. घट हवा असणारा दुःखी झाला, मुकुट हवा असणारा आनंदला आणि ज्याला सोनेच हवे होते तो मध्यस्थ राहिला. सूर्याच्या अंतातही घट मोडतो, मुकुट घडतो आणि पुद्गल पुद्गलच राहते. आतप आणि उद्योत यांना, म्हणजे उष्ण व शीत प्रकाशाला, जैन दर्शनाने पुद्गलाचेच पर्याय मानले आहे, हेही वस्तुमानाचा प्रकाश होतो या आजच्या ज्ञानाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. हे साम्य रमणीय आहे. त्याला पुरावा मात्र म्हणू नये. आचार्यांनी वस्तूचे सामान्य स्वरूप सांगितले. सूर्याच्या गाभ्यात किती टन हायड्रोजन जळतो हे सांगण्याचा त्यांचा दावा नव्हता, आणि तो त्यांच्यावर लादण्याचा अधिकार कोणालाही नाही.

थर निघून गेल्यावर उरतो तो उघडा गाभा. त्याचे वस्तुमान आजच्या सूर्याच्या निम्म्याहून थोडे अधिक आणि आकार पृथ्वीएवढा. त्यातील चमचाभर द्रव्य काही टन भरेल. यालाच श्वेतबटू म्हणतात. त्यात संमीलन होत नाही, मग तो स्वतःच्या भाराखाली कोसळत का नाही? इलेक्ट्रॉनांना एका मर्यादेपलीकडे दाटीवाटीने बसवता येत नाही, आणि त्या प्रतिकारावर तो तोलून धरलेला असतो. हा प्रतिकार किती भार पेलेल याचे गणित १९३० मध्ये एका भारतीय तरुणाने केले. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर तेव्हा १९ वर्षांचे होते. जुलैअखेर मुंबई बंदरातून निघालेल्या बोटीत, इंग्लंडच्या वाटेवर त्यांनी हे काम आरंभले. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापर्यंतच श्वेतबटू टिकतो, असे उत्तर आले. ज्या एडिंग्टन यांनी सूर्याच्या इंधनाचा अचूक तर्क केला होता, त्यांनीच जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या भरसभेत या निष्कर्षाची थट्टा केली. चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ मध्ये. सूर्य त्या मर्यादेच्या बराच खाली असल्यामुळे त्याचा स्फोटही होणार नाही आणि कृष्णविवरही होणार नाही. तो शांतपणे निवत जाईल.

हे निवणे फार दीर्घ आहे, आणि येथे जैन कालमापनाची आठवण अपरिहार्य ठरते. ८४ लाख वर्षांचे एक पूर्वांग आणि ८४ लाख पूर्वांगांचे एक पूर्व, म्हणजे ७०,५६,००० कोटी वर्षे. भगवान ऋषभदेवांचे आयुष्य असे ८४ लाख पूर्वांचे सांगितले आहे. हायड्रोजनच्या बळावर सूर्य जेवढा काळ तेवत राहणार तो जन्मापासून साधारण १,००० कोटी वर्षांचा. म्हणजे हे सारे तेजस्वी आयुष्य एका पूर्वाचा ७,०५६ वा भाग भरते. वर्षांच्या भाषेत छाती दडपून टाकणारा आकडा पूर्वांच्या भाषेत चिमूटभर होतो. श्वेतबटू पूर्ण काळवंडायला मात्र लक्षावधी कोटी वर्षे लागतील, आणि तो काळ मोजताना पूर्वासारखे माप हाताशी असलेले बरे. विश्वाचे आजचे वय अवघे १,३८० कोटी वर्षांचे असल्याने असा पूर्ण विझलेला बटू आजवर एकही झालेला नाही. निवता निवता त्याच्या गाभ्यातील कार्बन आणि ऑक्सिजन स्फटिकासारखे गोठू लागतात, असे भाकीत पूर्वीच झाले होते. गाया उपग्रहाने टिपलेल्या हजारो श्वेतबटूंवरून २०१९ मध्ये त्याचा पुरावा मिळाला.

ज्यांना हे सारे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांना फार दूर जावे लागणार नाही. महावीर जयंतीच्या दिवसांत रात्री नऊनंतर पूर्वेला नारिंगी झाक असलेला जो ठळक तारा चढताना दिसतो, तो स्वाती. निर्वाणोत्सवाच्या, म्हणजे दिवाळीच्या रात्री दहाच्या सुमारास पूर्वेलाच कृत्तिकांच्या पुंजक्याखाली तांबूस रोहिणी दिसते. दोन्ही तारे महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावरून जातात, दुर्बिणीची गरज नाही. श्वेतबटू मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा जो व्याध, त्याच्याजवळ असा एक सोबती आहे. अमेरिकेतील दुर्बीण तयार करणारे आल्व्हन क्लार्क यांना १८६२ मध्ये नव्या भिंगाची परीक्षा घेताना तो प्रथम दिसला. व्याधाच्या प्रखर तेजात तो बुडून जातो, त्यामुळे तो पाहण्यासाठी चांगली मोठी दुर्बीण आणि स्थिर हवा लागते.